गल्ल्यातील पैसा कोणाचा?

व्यापारी व कारखानदार बांधवांना सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. आज संध्याकाळी दुकान वाढवताना गल्ल्यात आणि बँकेच्या चालू खात्यात मिळून जी रक्कम असेल, त्यातील तुमची स्वतःची किती?

पुष्कळजण चटकन सगळीच्या सगळी रक्कम सांगतात. जरा कागद-पेन्सिल घेऊन बसा. चोवीस मागांचा एक कारखानदार धरू. त्याच्याजवळ आज ६,००,००० रुपये आहेत. त्यातून सूतवाल्याचे ३,६०,००० द्यायचे आहेत, सायझिंगचे ५२,०००, कामगारांच्या पगाराचे ४८,०००, विजेचे बिल ३४,०००, जीएसटी २८,००० आणि आधीच उचललेल्या भिशीचा हप्ता २०,०००. बेरीज झाली ५,४२,०००. उरले ५८,०००. घरखर्चाचे ३५,००० बाजूला काढले की हातात राहतात २३,०००. सहा लाखांचा मालक खरे पाहता तेवीस हजारांचा मालक आहे. बाकीची रक्कम त्याच्याकडे अमानत आहे, फक्त देण्याची तारीख अजून आलेली नाही.

माझे वडील शिकलेले नव्हते, पण हा हिशेब त्यांना पाठ होता. त्यांच्याकडे कापडाच्या तीन थैल्या असत. एकीत लोकांचे, दुसरीत मालाचे, तिसरीत घरचे. दुसरीतून तिसरीत पैसे जात, तिसरीतून दुसरीतही जात, पण पहिलीला ते हात लावू देत नसत. मी उर्दू शाळेत दहावीपर्यंत शिकलो, नफा-नुकसानीची गणिते सोडवली. या तीन थैल्यांचे गणित मात्र तेथे कोणी शिकवले नाही, ते पेढीवर बसूनच कळले. आज थैल्यांच्या जागी मोबाईल आला. मोबाईलमध्ये सगळा पैसा एकाच आकड्यात दिसतो आणि तो आकडा पाहून माणसाला आपण श्रीमंत आहोत असे वाटते. क्रिप्टो, ऑनलाईन जुगार आणि घरबसल्या माल विकणे या तीन गोष्टींविषयी आज लिहायचे आहे, ते याच अंगाने.

माझ्या एका भाच्याचे बारा माग आहेत. २०२१ च्या दिवाळीत त्याचा कोरा माल चांगला उठला आणि वसुलीही वेळेवर झाली. सूतवाल्याचे तीन लाख महिन्याभराने द्यायचे होते. त्या वेळी बिटकॉइनचा भाव ६९ हजार डॉलरपर्यंत चढला होता आणि चहाच्या टपरीवरदेखील त्याचीच चर्चा होती. भाच्याने ते तीन लाख एका छोट्या नाण्यात घातले. मला नंतर म्हणाला, "मामू, पैसे नुसते पडून होते. महिन्याने द्यायचेच होते, तोवर थोडे वाढवून घेऊ म्हटलं."

जानेवारी २०२२ च्या अखेरीस बिटकॉइन जवळजवळ निम्म्यावर आला. छोटी नाणी त्याहून अधिक पडतात. भाच्याच्या तीन लाखांचे एक लाख दहा हजार राहिले. सूतवाल्याला त्याने डिसेंबरभर आज-उद्या केले, शेवटी तोट्यात विकून होते तेवढे दिले. एक लाख नव्वद हजार अंगावर राहिले. खरा मार पुढे बसला. त्याच दिवसांत कापूस भडकला होता. २०२१ च्या सुरुवातीला पन्नास हजारांच्या आत असलेली ३५६ किलोची खंडी मे २०२२ मध्ये लाखाच्या वर गेली. सुताचा भाव आठवड्या-आठवड्याला बदलू लागला. ज्याची पत होती त्याला उधार सूत मिळत राहिले, भाच्याला कोणी देईना. बारापैकी आठ माग सात आठवडे बंद राहिले. कामगार दुसऱ्या कारखान्यात निघून गेले. नाण्यात गेलेल्या रकमेपेक्षा हे नुकसान मोठे होते आणि ते कोणत्याही ॲपच्या हिशेबात दिसत नाही.

येथे कोणी म्हणेल की थांबला असता तर? बरोबर आहे. बिटकॉइन नोव्हेंबर २०२२ मध्ये १६ हजार डॉलरच्या खाली गेला, पण डिसेंबर २०२४ मध्ये त्याने एक लाख डॉलरचा टप्पा ओलांडला. ऑक्टोबर २०२५ मध्ये तो सव्वा लाखाच्या वर होता आणि पुढच्या दोन महिन्यांतच नव्वद हजारांच्या खाली उतरला. ज्याच्याजवळ स्वतःचा रिकामा पैसा होता आणि तीन वर्षे न पाहता बसण्याची ताकद होती, त्याचा फायदा झालाही असेल. पण सूतवाला २०२४ पर्यंत थांबत नाही. त्याला ३० दिवसांनी पैसे हवे असतात, कारण त्यालाही गिरणीला द्यायचे असतात. भाच्याने नाणे कोणते घेतले याला मी फारसे महत्त्व देत नाही. त्याने परक्या पैशाची मुदत विसरून डाव टाकला, तेथेच सगळे बिघडले.

धोका आपल्या धंद्यात नाही असे कोणी समजू नये. कापूस चढतो-उतरतो, रंग फिका पडतो, दलाल बुडतो, दिवाळीच्या तोंडावर पाऊस लांबतो. पण या धोक्यात हातात काहीतरी राहते. भाव पडला तरी ताका गोदामात असतो, तो उशिरा विकेल, कमी भावाने विकेल, पण कोणाच्या तरी अंगाला लागेल. शिवाय हा धोका अनुभवाने कमी करता येतो. कोणता व्यापारी वेळेवर देतो, कोणत्या महिन्यात कोणता रंग चालतो, हे वीस वर्षांत कळते. जुगारात वीस वर्षे घातली तरी पुढचा आकडा कळत नाही.

आकड्याचे नाव निघाले म्हणून सांगतो, मटक्याचा जन्मच मुळी आपल्या कापसातून झाला आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात सकाळी उघडताना आणि संध्याकाळी बंद होताना जो भाव निघे, तो तारेने मुंबईला येत असे. त्या भावातील आकड्यांवर मुंबईत पैसे लागत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते भाव येणे बंद झाले. लोकांनी मग काय करावे? मडक्यात चिठ्ठ्या टाकून आकडे काढण्यास सुरुवात केली. म्हणजे कापूस गेला, भाव गेला, माल तर कधी नव्हताच, फक्त आकडा राहिला. व्यापार आणि सट्टा यांच्यातील फरक समजावून सांगायला मला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही.

त्याचा हिशेबही साधा आहे. एकेरी आकड्यावर साधारण नऊपट मिळतात. शून्य ते नऊ असे दहा आकडे. दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावला तर दहा गेले आणि नऊ परत आले. प्रत्येक खेळीत शेकडा दहा चालवणाऱ्याचे. एक हजार रुपये घेऊन बसलेला माणूस तोच पैसा फिरवीत राहिला तर सरासरीने ९००, ८१०, ७२९ असे होत सातव्या खेळीला ४७८ उरतात. मध्येच कोणाला तरी नऊपट लागतात आणि त्याची बातमी गल्लीभर होते. बाकीच्यांची होत नाही.

मोबाईलवरच्या खेळांचा सांगाडा हाच आहे, फक्त रंग चांगला आणि गती जास्त. पूर्वी दिवसातून दोनदा आकडा निघे, आता मिनिटाला निघतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांविरुद्ध कायदा केला. असे खेळ चालवणे, त्यांची जाहिरात करणे आणि बँकांनी त्यांचे पैसे फिरवणे या तिन्हींना त्यात मनाई आहे. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड ठेवला आहे, मग तो खेळ नशिबाचा असो वा कौशल्याचा. रमी आणि क्रिकेटचे संघ लावणाऱ्या मोठ्या देशी कंपन्यांनी त्यानंतर पैशांचे खेळ बंद केले. पण परदेशातून चालणारे सट्ट्याचे ॲप व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवरून लोकांपर्यंत येतच आहेत. तेथे जिंकलेली रक्कम दिली नाही तर कोणाकडे जाणार? १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करारच निरर्थक ठरतो. पैज जिंकलो म्हणून कोर्टात पैसे मागता येत नाहीत.

जुगाराच्या हरामपणाबद्दल या साप्ताहिकाच्या वाचकाला मी नव्याने काय सांगावे! सूरह माइदामध्ये मैसिरविषयी जे आले आहे ते सर्वांना ठाऊक आहे. मी एक व्यापारी म्हणून एवढेच जोडतो की, आपल्या बाजारात ज्या पेढ्या बसलेल्या मी पाहिल्या, त्यांपैकी बऱ्याच मंदीने बसलेल्या नव्हत्या. दुकान चालू होते, गिऱ्हाईक येत होते, आणि गल्ला रात्री रिकामा होत होता.

आता क्रिप्टोकडे वळू. तिला सरळ जुगार म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण तरुण मुले त्यावर ऐकत नाहीत. म्हणून ती वस्तू काय आहे ते आधी समजून घ्यावे.

बिटकॉइन २००९ मध्ये सुरू झाला. ती एक खातेवही आहे असे समजा. आपली वही एका मुनिमाकडे असते, ही वही जगभर हजारो संगणकांवर एकसारखी लिहिलेली असते, त्यामुळे एकट्याने खाडाखोड करून चालत नाही. एकूण २ कोटी १० लाखांहून अधिक बिटकॉइन निघणार नाहीत असा नियम त्यात बसवलेला आहे. इतपत ठीक. पण त्याच्या मागे कारखाना नाही, जमीन नाही, भाडे नाही, नफ्याचा वाटा नाही. पुढचा माणूस जास्त देईल या आशेवर त्याचा भाव उभा असतो. बिटकॉइनची ही गोष्ट, तर ज्या हजारो छोट्या नाण्यांची नावे रोज नवीन निघतात त्यांना तर कसलीच मर्यादा नाही.

"हे नाणे पडत नाही" असे सांगणारेही पुष्कळ भेटतात. टेरा नावाच्या कंपनीचे एक नाणे होते, त्याची किंमत नेहमी एक डॉलर राहील असे सांगितले जाई आणि ते ठेवल्यास वर्षाला शेकडा वीसच्या जवळपास व्याज मिळे. मे २०२२ मध्ये काही दिवसांतच ते नाणे काही सेंटवर आले, आणि त्याच्या जोडीचे लुना नावाचे नाणे ऐंशी डॉलरवरून एका सेंटच्याही खाली गेले. ते चालवणाऱ्या डो क्वॉनला डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयाने १५ वर्षांची शिक्षा दिली. ठेवणाऱ्यांचा पैसा त्यामुळे परत आला नाही. न पडणारे आणि वीस टक्के देणारे, या दोन गोष्टी एका वाक्यात ऐकल्या की व्यापाऱ्याने तेथून उठावे. आपल्याकडे इतके निश्चित उत्पन्न देणारा माग अजून कोणी बनवलेला नाही.

नाणे शाबूत राहिले तरी ते ठेवले कोठे हा प्रश्न उरतो. बहुतेकजण ते एखाद्या एक्स्चेंजच्या ॲपमध्येच ठेवतात, म्हणजे तिजोरी दुसऱ्याची आणि किल्लीही दुसऱ्याची. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजवरून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली. त्यानंतर वर्षाहून अधिक काळ ग्राहकांना आपली नाणी काढता आली नाहीत. बँक बुडाली तर ठेवीवर पाच लाखांपर्यंत विमा आहे, येथे तसे काही नाही. रिझर्व्ह बँक २०१३ पासून हेच सांगत आली आहे. २०१८ मध्ये तिने बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्याचा आदेश दिला, तो सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये रद्द केला. तेव्हापासून "कोर्टाने परवानगी दिली" असा बाजारात समज पसरला आहे. न्यायालयाने तो आदेश काढून टाकला, नाण्याची हमी घेतलेली नाही.

कर तर बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरळ ३० टक्के कर लागू झाला, वर उपकर. १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का आधीच कापला जातो. आणि तोटा वजा मिळत नाही. समजा एका नाण्यात तुम्ही एक लाख कमावले आणि दुसऱ्यात एक लाख घालवले. घरी आले शून्य. तरी कमावलेल्या लाखावर उपकर धरून ३१,२०० रुपये कर भरायचा. कापडात एका मालात आलेला तोटा दुसऱ्या मालाच्या नफ्यातून वजा होतो, येथे एका नाण्याचा तोटा दुसऱ्या नाण्यातूनसुद्धा वजा होत नाही, कापडाच्या नफ्यातून तर नाहीच.

दहापट उधारीवर सौदे करू देणारी ॲप आहेत, त्यांच्याबद्दल एकच ओळ पुरे. भाव शेकडा दहा उलटा गेला की तुमची सगळी रक्कम संपते, आणि शेकडा दहा इकडे-तिकडे होणे ही या बाजारात नेहमीची गोष्ट आहे.

खाते गोठण्याचा प्रकार मात्र सविस्तर सांगायला हवा, कारण त्यात निर्दोष माणूसही अडकतो. आमच्या बाजारातील एकाने आपली नाणी एक्स्चेंजला न विकता ॲपवर भेटलेल्या अनोळखी माणसाला विकली. दर थोडा जास्त मिळाला, पैसे लगेच चालू खात्यात आले. वीस दिवसांनी खाते बंद. दुसऱ्या राज्यातील कोणा निवृत्त माणसाला फसवून काढलेले पैसे त्या अनोळखी माणसामार्फत याच्या खात्यात आले होते आणि तेथील सायबर पोलिसांनी खाते रोखण्यास बँकेला कळवले होते. आलेली रक्कम चाळीस हजारांची, पण कितीतरी दिवस सगळे चालू खाते अडकले. दोन गुरुवारचे पगार त्याला भावाकडून उसने घेऊन द्यावे लागले. म्हणून धंद्याच्या खात्यावर असले पैसे कधीही घेऊ नयेत. आणि "तुमचे खाते महिनाभर वापरू द्या, कमिशन देतो" असे सांगणाऱ्याला तर दारातच उभे करू नये. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा. पहिल्या काही तासांत कळवले तर पैसे मध्येच रोखले जाण्याची शक्यता असते.

शरीअतच्या दृष्टीने क्रिप्टोचे काय, हे मला अनेकजण विचारतात. उलेमांचे यावर एकमत नाही. इजिप्तच्या दारुल इफ्ताने २०१८ मध्ये बिटकॉइनच्या व्यवहाराला मनाई केली, इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने नोव्हेंबर २०२१ मध्ये क्रिप्टोचा चलन म्हणून वापर नाजायज ठरवला. तिला मालमत्तेसारखे मानून अटींसह परवानगी देणारेही आहेत. मी कापड विकणारा माणूस, फतवा देणे माझे काम नव्हे. आपल्या भागातील जाणत्या मुफ्तीसाहेबांना विचारावे, आणि विचारताना "बिटकॉइन जायज आहे का" एवढेच न विचारता आपण नेमके काय करतो ते सांगावे. ठेवून देणे, दिवसात दहा वेळा घेणे-विकणे, उधारीवर सौदा करणे आणि नाण्यावर व्याज घेणे या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

इतके सगळे ऐकूनही घरातील मुलाला हौस असेल तर तिसऱ्या थैलीतून द्यावे. वर सांगितलेल्या कारखानदाराकडे अशी रक्कम तेवीस हजार होती, सहा लाख नव्हती. त्यातही आधी आजारपणाचे आणि मंदीच्या दोन महिन्यांचे बाजूला ठेवले तर बहुतेकांकडे या खेळासाठी काहीच उरत नाही.

आता घरबसल्या माल विकण्याकडे येतो. ऑनलाईन विक्री हा जुगार नव्हे. माल आपला, मेहनत आपली. पण हिशेब न करता केली तर तीही पहिल्या थैलीला भोक पाडते. आमच्याकडे अनेक घरांतून गाऊन, कुर्ती, ओढण्या मीशो, फ्लिपकार्ट, ॲमेझॉनवर जातात. मुले ऑर्डरी मोजतात. ऑर्डर म्हणजे विक्री नव्हे. माल गिऱ्हाइकाने ठेवून घेतला, परतीची मुदत संपली आणि पैसे खात्यात आले, तेव्हा विक्री झाली.

भाच्याने मागच्या दोन वर्षांत हा धंदा धरला आहे. त्याच्यासोबत बसून मी जो हिशेब केला तो नमुन्यादाखल देतो. प्रत्येकाचे आकडे वेगळे येतील, पद्धत हीच. एका गाऊनला कापड आणि शिलाई १७०, पॅकिंग १०, एकूण १८०. कंपनी सगळे कापून हातात देते २४०. नफा दिसतो ६० रुपये, म्हणजे शंभर गाऊनला सहा हजार. असे मुलांना वाटते.

आता शंभर पार्सले पाठवली. अठरा दारातूनच परत आली, कारण माल हातात आल्यावर पैसे द्यायची सोय असते आणि गिऱ्हाइकाचा विचार बदलतो. बारा गिऱ्हाइकांनी घेतली, उघडली आणि परत केली. सत्तर राहिली. सत्तरचा नफा ४,२००. दारातून परतलेल्या मालाचे भाडे काही कंपन्या विकणाऱ्याकडून घेत नाहीत, पण उघडून परत केलेल्या मालाचे कापतात. ते १५० धरले तर बाराचे १,८०० गेले. तीस पार्सलांचे पॅकिंग वाया, ३०० गेले. परत आलेल्या बारापैकी चार पुन्हा विकण्यासारखे नव्हते, एकाला डाग, एकाच्या जागी जुनाच गाऊन भरलेला, ६८० गेले. उरले १,४२०. नगाला साठ नव्हे, चौदा रुपये. आणि या चौदासाठी अठरा हजारांचा माल वाटेत अडकला.

पुढे जाऊन पाहा. उघडून परत येणारे बाराऐवजी वीस झाले आणि त्यात सात खराब निघाले, तर बासष्ट गाऊनचा नफा ३,७२०, आणि खर्च ३,००० भाडे, ३८० पॅकिंग, १,१९० खराब माल, म्हणजे ४,५७०. आठशे पन्नास तोटा. शंभरात आठ नग जास्त परत आले एवढ्यानेच धंदा उलटला. म्हणून या धंद्यात सगळ्यात मोठी जोखीम परतीची आहे, आणि ही जोखीम आपल्या हातातली आहे. माल परत का येतो ते भाच्याने वहीत लिहायला सुरुवात केली. निम्म्याहून जास्त वेळा कारण मापाचे निघाले. त्याने छातीचे आणि लांबीचे माप इंचात फोटोवरच लिहिले, फोटो दुकानातील पिवळ्या दिव्याऐवजी गच्चीवर उन्हात काढले आणि पहिल्या धुण्यात रंग सोडणारा माल बंद केला. परती हळूहळू कमी झाल्या. परत आलेले प्रत्येक पार्सल तो मोबाईलचे चित्रीकरण चालू ठेवूनच उघडतो. आत दुसराच कपडा निघाला तर तक्रारीसाठी तोच पुरावा असतो.

कराची बाजूही थोडी पाहावी. १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नोंदणी नसलेल्या छोट्या विक्रेत्याला अशा कंपन्यांमार्फत माल विकता येतो, पण फक्त आपल्या राज्यात, उलाढालीच्या मर्यादेच्या आत आणि जीएसटी पोर्टलवर नावनोंदणी क्रमांक घेऊन. मालेगावचा गाऊन इंदूरला पाठवायचा तर नोंदणी हवी. नोंदणी असलेल्यांच्या विक्रीवर कंपनी जीएसटीपोटी अर्धा टक्का कापते, जुलै २०२४ पूर्वी तो एक टक्का होता. आयकरापोटीची कपात ऑक्टोबर २०२४ पासून एक टक्क्यावरून दहा पैसे शेकडा झाली. ही रक्कम आपली आहे, विवरणपत्रात दाखवली की मिळते. पुष्कळजण मागतच नाहीत, आणि वर्षाअखेरीला कंपनीने कळवलेली विक्री व आपण दाखवलेली विक्री जुळली नाही की नोटीस येते.

एक नवीन प्रकार तरुणांत चालला आहे. दुसऱ्याच्या मालाचे फोटो लावायचे, ऑर्डर आली की मग सुरतेहून किंवा कोठून तरी मागवून परस्पर पाठवायचे. भांडवल लागत नाही म्हणून तो बिनजोखमीचा समजला जातो. ताब्यात नसलेला माल विकण्याबद्दल आपल्याकडे काय हुकूम आहे ते वाचकांना माहीत आहे. व्यवहारातही तो फसवा आहे. माल आपण पाहिलेला नसतो, गिऱ्हाईक शिव्या मात्र आपल्याला देते, आणि तीन-चार वाईट शेऱ्यांनंतर दुकान तळाला जाते. ज्याच्याशी करार करून, त्याचा दलाल म्हणून, त्याच्या नावाने विकतो त्याची गोष्ट वेगळी.

भाचा आता दर गुरुवारी पगार वाटून झाले की वही उघडतो. तीन थैल्या नाहीत, पण बँकेत तीन खाती आहेत आणि सूतवाल्याच्या खात्याला त्याने मोबाईलचे ॲप जोडलेले नाही. त्यातून काढायचे तर चेक फाडावा लागतो. एक लाख नव्वद हजारांचे हप्ते फेडायला त्याला दोन वर्षे लागली, शेवटचा २०२४ च्या रमजानआधी गेला. तो सूतवाला आता त्याला पुन्हा माल देतो, पण अजून रोखीनेच.